ग्राहकसंच घेण्यापूर्वी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत अहिवारा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानासाठी कार्यवाहांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही ‘छत्तीसगडातील मराठी माणूस’ असे सांगून मोकळे झालो होतो. तो विषय सोपा. नागपूर राजधानी होती त्या दिवसांचे स्मरण करावे; १९५६ साली आपण मध्यप्रदेशात गेलो, २००० साली छत्तीसगडात आलो, म्हणजे घराचा उंबरठा न ओलांडता तीन राज्ये पाहिली, असा जुनाच विनोद पुन्हा करावा; भिलाईच्या भट्टीची आणि नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीची आठवण काढावी, आणि टाळ्या घेऊन खाली बसावे. परंतु गेल्या महिन्यात मंडळाच्या स्वयंसेवक पथकातील चार तरुण आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि त्यांनी एक प्रश्न पुढे ठेवला. ते व्याख्यान तेथेच राहिले.

प्रश्न असा होता. पथकासाठी थोडी वर्गणी जमली आहे. त्यांतील एकाचा वडील भाऊ शिकागोजवळ नोकरीस असतो. तो दिवाळीला येणार आहे. पोलीस, अग्निशामक दल आणि रुग्णवाहिका यांची आपापसांतली बिनतारी बोलणी ऐकता येतात असा मुठीत मावणारा ग्राहकसंच तिकडे मिळतो. तो त्याच्याकरवी मागवावा असे यांनी ठरविले होते. ठरले होतेच, आमच्याकडे आले होते ते केवळ निवड करून घेण्यासाठी. “काका, तुमचा जन्म बिनतारीच्या पेट्या उघडण्यात गेला. या चारांतला कोणता घ्यावा तेवढे सांगा,” असे म्हणून त्यांनी मोबाइलवर चार चित्रे दाखविली.

आम्ही चित्रे पाहिली. संच देखणे होते. परंतु उत्तर देण्यापूर्वी आम्ही उलट विचारले की, बाबांनो, हे तुम्हांस कशासाठी हवे आहे? त्यावर सर्वांत धाकटा म्हणाला, “काका, ९ ऑक्टोबर विसरलात काय?”

विसरलो नव्हतो. या सभागृहात तो दिवस विसरलेला कोणी असेल असे वाटत नाही. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी सकाळी भिलाईच्या कारखान्यात कोक ओव्हनच्या वायुवाहिनीवर देखभालीचे काम चालू असता स्फोट झाला आणि दहांहून अधिक कामगार प्राणांस मुकले. आमच्या घरातला एक मुलगा तेव्हा कारखान्यात पहिल्या पाळीवर होता. दूरध्वनी लागत नव्हते. सारेच एकाच वेळी लावीत होते, ते लागणार कसे? पण संदेश मात्र येत होते, एकामागून एक. एका संदेशात एका विभागाचे नाव, दुसऱ्यात दुसऱ्याच. एकात मृतांचा आकडा पाच, दुसऱ्यात पन्नास. एका संदेशाबरोबर आगीचे छायाचित्र होते. ते दुसऱ्याच कोठल्या देशाचे निघाले. आमच्या सूनबाई देवापुढे बसून होत्या. तो मुलगा दुपारी सुखरूप घरी आला. तो स्फोटाच्या जागेपासून बऱ्याच अंतरावर होता, आणि घरात काय चालले आहे याची त्याला कल्पनाही नव्हती. आमच्या गल्लीतल्या दुसऱ्या एका घरी मात्र तसे झाले नाही. त्याविषयी येथे अधिक बोलणे बरे नव्हे.

तेव्हा या मुलांचे म्हणणे असे की, त्या दोन-तीन तासांत अग्निशामक दलाची बोलणी कानांवर पडली असती तर खरे काय ते कळले असते. मागणी रास्त आहे. आजचे आमचे बोलणे या मागणीला उत्तर म्हणून आहे. ते थोडे आडवळणाने जाईल, त्याबद्दल क्षमा असावी.

आधी ज्या देशातून हा संच येणार त्या देशाचे पाहू. १९२८ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी आपल्या गाड्यांत ग्राहकसंच बसविले. ठाण्यावरून बोलायचे, गाडीने ऐकायचे; गाडीला उलट बोलण्याची सोय नव्हती. त्या काळी तो आवाज साध्या घरगुती रेडिओवरही येई, आणि लोक जेवणानंतर चोरांचा पाठलाग ऐकत बसत. तेव्हापासून त्या देशात पोलिसांचे ऐकणे हा एक छंदच झाला. तेथील संघराज्याचा कायदा अशा ऐकण्याला सामान्यतः मज्जाव करीत नाही. काही राज्यांत मोटारीत असा संच बाळगण्यावर निर्बंध आहेत, एवढेच. विलायतेत याच्या अगदी उलट. तेथे जो संदेश आपल्यासाठी नाही तो मुद्दाम ऐकणे हाच गुन्हा आहे. म्हणजे एकच यंत्र न्यूयॉर्कला करमणूक आणि लंडनला अपराध. यंत्राच्या जाहिरातीत हे लिहिलेले नसते.

शिकागोच्या त्या गृहस्थांशी आम्ही पुढे दूरचित्रफोनवर तासभर बोललो. मनुष्य मोकळा आणि चिकित्सक निघाला. त्याने जे सांगितले ते निवडीच्या दृष्टीने फार मोलाचे आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

त्याने पहिला संच जुन्या बाजारात घेतला, अगदी स्वस्तात. घरी आणून लावला तर त्यातून पत्र्यावर गारा पडाव्यात असा खडखडाट. संच बिघडला आहे असे समजून त्याने तो उघडला. बिघडलेले काहीच नव्हते. जुन्या पद्धतीच्या बिनतारीत आपला आवाजच लहरीवर स्वार होऊन जातो. ग्राहकसंचाने त्याला लहरीवरून उतरवून घेतले की काम झाले. नव्या, म्हणजे अंकीय पद्धतीत आवाज जात नाही. बोलणाऱ्याच्या आवाजाचे बारीक तुकडे करून, त्या प्रत्येक तुकड्याचे वर्णन शून्य आणि एक या दोन अंकांत लिहून, ते अंक पाठविले जातात. अमेरिकेत या कामासाठी ‘प्रोजेक्ट २५’ नावाची सर्वमान्य पद्धत १९८९ पासून घडत गेली. तिच्या पहिल्या टप्प्यात साडेबारा किलोहर्ट्झ रुंदीच्या एका वाटेवरून दर सेकंदास ९६०० अंक धावतात. ते वाचून पुन्हा आवाज उभा करणारा जो भाग लागतो तो जुन्या संचात नाहीच. आंधळ्यापुढे पत्र धरावे तसे ते झाले.

दुसरा संच त्याने अंकीय घेतला. हा काही वेळ बोले आणि मध्येच मुका होई. त्याला कारण असे की, या पद्धतीचा दुसरा टप्पाही आता रूढ आहे. त्यात तीच साडेबारा किलोहर्ट्झची वाट काळाचे बारीक काप करून दोन बोलण्यांना वाटून दिलेली असते. एक क्षण याचा, पुढचा क्षण त्याचा. ज्या संचाला केवळ पहिला टप्पा कळतो त्याला हे उमगत नाही. शिवाय मोठ्या शहरांत प्रत्येक खात्याला स्वतःची अशी कायमची वाट नसते. रेल्वेच्या मोठ्या स्थानकात गाडी कोणत्या फलाटावर घ्यायची ते ऐन वेळी ठरते ना, तसे एक नियंत्रक यंत्र प्रत्येक बोलण्याला त्या क्षणी मोकळी असलेली वाट देते, आणि पुढच्या वाक्याला दुसरी. ऐकणाऱ्या संचाने त्या नियंत्रकाच्या सूचना सतत वाचून फलाट बदलत राहावे लागते. जो नुसता एकाच फलाटावर उभा राहील त्याची गाडी चुकलीच.

तिसरी अडचण आम्हांला स्वतःला सर्वांत मनोरंजक वाटली. तुम्हीही ती गणेशोत्सवात अनुभवली आहे. गल्लीच्या दोन्ही टोकांना ध्वनिक्षेपक लावलेले असतात, आरती एकच चालू असते. कोणत्याही टोकाला उभे राहा, शब्द स्पष्ट येतात. पण गल्लीच्या मध्यभागी उभे राहिलात तर एकाचा आवाज किंचित आधी, दुसऱ्याचा किंचित मागून, आणि शब्दांचा लगदा होतो. शहरभर पसरलेले अनेक मनोरे जेव्हा एकच संदेश एकाच लहरीवर एकाच वेळी सोडतात तेव्हा ग्राहकसंचाचे असेच होते. गंमत अशी की, संदेश दुबळा असल्यामुळे हे होत नाही, तो चहूकडून जोरात आल्यामुळे होते. आणि एरियल मोठी केली की दुखणे वाढते. तो गृहस्थ तीन महिने मोठमोठ्या एरियल विकत घेत होता! २०१८ साली युनिडेन या कंपनीने एसडीएस-१०० हा हातात धरण्याचा संच काढला. त्यात येणारी लहर तिच्या दोन अंगांनी मोजून असा लगदा सोडविण्याची योजना आहे, आणि अशा शहरांत तो उपयोगी पडतो असा सर्वसाधारण अनुभव आहे. त्याने शेवटी तोच घेतला. आपल्या मुलांच्या मोबाइलवरील चार चित्रांत तोही होता.

तेव्हा तिकडे राहणाऱ्या आपल्या कोणाही नातेवाइकाने असा संच घ्यायचा झाल्यास आमचे सांगणे एवढेच की, दुकानात जाण्यापूर्वी आपल्या गावाची व्यवस्था कोणती आहे ते शोधावे: जुनी की अंकीय, पहिला टप्पा की दुसरा, एक मनोरा की अनेक. संच त्यानंतर. किंमत, वजन, पडद्याचा रंग, हे सारे त्याच्याही नंतर. बॅटरीचे मात्र आधी विचारावे. हे संच म्हणजे लहानसे संगणकच असल्यामुळे पूर्वीच्या ट्रान्झिस्टरसारखे महिनामहिना एका सेलवर चालत नाहीत. दिवसभर पुरावे अशी अपेक्षा असेल तर जोडीला दुसरी बॅटरी घ्यावी. आणि घरात आवाज कोठवर पोचतो तेही पाहावे. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी चालू असता जे ऐकू येत नाही ते संकटकाळी काय ऐकू येणार?

पण इतके सारे करून त्या गृहस्थाला आज काय ऐकू येते? अग्निशामक दल येते, हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या गाड्या येतात. शिकागो शहराच्या पोलिसांनी २०२२ पासून आपली बोलणी कुलूपबंद करण्यास आरंभ केला आणि जनतेसाठी ती अर्ध्या तासाने मागाहून ऐकविण्याची सोय ठेवली. न्यूयॉर्कच्या पोलिसांनीही २०२३ पासून तोच मार्ग धरला. अंकांना कुलूप घालणे सोपे असते. किल्ली म्हणजे एक लांबलचक संख्या, ती ज्या संचांत भरली आहे त्यांनाच संदेश उलगडतो. ज्याच्याजवळ किल्ली नाही त्याने कितीही महाग संच घेतला तरी त्याला शांतताच ऐकू येणार. तिकडच्या वृत्तपत्रांनी यावर पुष्कळ ओरड केली आहे आणि ती अनाठायी नाही. पोलीस काय करतात हे जनतेला समजण्याची एक खिडकी बंद झाली, हे खरे. पोलिसांची बाजूही खरी आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत हल्लेखोरांचे सूत्रधार दूर बसून दूरदर्शन-वाहिन्यांवर सारे पाहत होते आणि दूरध्वनीवरून त्यांना सूचना देत होते. ते आपण विसरू शकत नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ.

आपल्याकडे हा संच आणला तर काय होईल? पहिली गोष्ट, त्याच्या पोटात अमेरिकेतील गावांची यादी आहे. तेथील टपालाचा क्रमांक टाकला की संच आपोआप जुळतो. आपला ४९० ने सुरू होणारा क्रमांक टाकला तर त्याला काहीच बोध होणार नाही. दुसरी गोष्ट, पद्धती निराळ्या आहेत. युरोपात घडलेली टेट्रा नावाची पद्धत आपल्याकडे दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वेळी वापरली गेली, मेट्रो रेल्वेही ती वापरते. ती या अमेरिकन संचांना वाचताच येत नाही. या अडचणींवर उत्साही तरुण तोड काढतील हे आम्ही जाणून आहोत. आम्हीही त्यांच्या वयात काढली असती.

पण कायद्यावर तोड नाही. आमच्यासारखे केस पांढरे झालेल्यांना आठवत असेल, घरातल्या साध्या रेडिओलाही परवाना लागे. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरून पुस्तकावर नोंद करून आणावी लागे. ती पद्धत १९८० नंतरच्या दशकात गेली, आणि परवान्याची कल्पनाच लोकांच्या मनातून पुसली गेली. तथापि १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा कित्येक वर्षे तसेच उभे होते, आणि त्यांची जागा घेणारा २०२३ चा दूरसंचार कायदा तर अधिकच कडक आहे. त्यातील संबंधित कलम जून २०२४ पासून लागू झाले असून अधिकार नसता दुसऱ्याचा संदेश मध्येच पकडण्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दोन कोटी म्हटल्यावर आमच्या ओसरीवर थोडा वेळ कोणी बोलले नाही. ऑनलाइन दुकानांत वॉकी-टॉकी सर्रास मिळतात, मग ते कसे, असे एकाने विचारले. मिळत होते, हे खरे. त्याच कारणास्तव २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा दुकानांना नोटिसा काढल्या. जे विकत मिळते ते बाळगता येतेच असे नाही.

इतके झाल्यावर मुले निघून जातील असे वाटले होते. पण तो धाकटा हटवादी. तो म्हणाला, “कायदा राहू द्या काका. समजा, परवानगी असती. त्या दिवशी ऐकायला मिळाले असते तर बरे झाले असते की नाही?”

हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर आम्ही त्या दिवशी देऊ शकलो नाही. नंतर आठ दिवस विचार करीत होतो. ते आज देतो.

नोकरीच्या काळात आम्ही अशी बोलणी हजारो तास ऐकली. संच दुरुस्त करून टेबलावर ठेवला की तो ठीक चालतो की नाही हे पाहण्यासाठी ऐकावेच लागे. त्यावरून आम्ही एक गोष्ट शिकलो. बिनतारीवर माणसे एकमेकांना बातमी सांगत नसतात. काम सांगत असतात. गाडी पाठवा, पाणी वाढवा, फाटक उघडा. बोलणारा घाईत, धापा टाकीत, अर्धेच वाक्य बोलतो, कारण ऐकणाऱ्याला उरलेले अर्धे ठाऊक असते. एकदा आम्ही ऐकले, ‘तीन गये’. एवढेच. आमच्या पोटात गोळा उठला. तीन माणसे गेली? पाच मिनिटांनी कळले, तीन गाड्या गेल्या. दुसऱ्या एखाद्या दिवशी त्याच दोन शब्दांचा अर्थ तीन जखमी इस्पितळात गेले असा झाला असता, आणि कधी आम्हांस भय वाटले तोही झाला असता. शब्द तेच. आता कल्पना करा की, ९ ऑक्टोबरच्या सकाळी पथकातल्या एखाद्या मुलाच्या हाती तो संच होता आणि त्याने ‘तीन गये’ हे कानांनी ऐकले. त्याने ते लगेच मंडळाच्या गटावर टाकले असते, आणि खाली लिहिले असते, ‘स्वतः ऐकले’. इतर अफवांवर आपण शंका तरी घेतली. हिच्यावर कोणी घेतली नसती. आमच्या सूनबाईंना त्या दोन शब्दांनी काय झाले असते ते आम्ही जाणतो.

याचा अर्थ असा नव्हे की जनतेने अंधारात बसावे. त्या बोलण्यांचा जनतेशी संबंध आहेच. परंतु तो पुष्कळदा नंतर, शांतपणे, नोंदींच्या रूपाने येतो. मुंबईच्या त्याच रात्री अतिरिक्त पोलीस आयुक्त अशोक कामटे यांना वीरमरण आले. आपले पती कामा रुग्णालयामागच्या गल्लीत कसे गेले, मदत मागितली गेली होती की नाही, हे श्रीमती विनिता कामटे यांना जाणून घ्यायचे होते. त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली नियंत्रण कक्षाच्या संभाषणांच्या नोंदी मागितल्या आणि चिकाटीने मिळविल्या. त्यांवर आधारलेले ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक २००९ साली निघाले. कोणी काय म्हटले, किती वाजून किती मिनिटांनी म्हटले, याची ती छाननी होती. २००५ च्या त्या कायद्याचा अर्ज करावयास दहा रुपये लागतात. त्या रात्री एखाद्या घरी ग्राहकसंच असता तर त्यातले एखादे वाक्य कोणाच्या कानांवर पडलेही असते. परंतु मागून जाब विचारण्यासाठी नोंदच लागते. मुलांना हे सांगितले तेव्हा त्यांतल्या एकाने तो अर्ज कसा लिहितात ते विचारले. आम्हांस समाधान वाटले.

राहिली मूळ गोष्ट, वर्गणीच्या पैशांची. काय घ्यावे?

एक साधा बॅटरीवरचा रेडिओ घ्यावा. हसू नका. १९६३ साली रायपूरला आकाशवाणी केंद्र झाले तेव्हा खाणीच्या वसाहतीत एकाच्या घरी रेडिओ आणि अंगणात वीस माणसे असे दृश्य असे. वीज गेली, मोबाइलचे मनोरे बंद पडले, म्हणजे तेच दृश्य पुन्हा येणार आहे. शिवनाथला पूर आला असता वीज किती तास टिकते ते आपणांस माहीत आहे. मात्र निवडताना सावध असावे. गेल्या काही वर्षांत मध्यम लहरींची अनेक प्रक्षेपणे देशभर बंद झाली, तेव्हा एफएम आणि मध्यम लहरी दोन्ही लागणारा संच घ्यावा, आणि दुकानदाराला विनंती करून तो मंडळाच्या खोलीत आणून, खिडक्या लावून, रात्री आणि दिवसा दोन्ही वेळा लावून पाहावा. आतल्या बॅटरीवरच चालणारा घेऊ नये. अहिवाऱ्याच्या बाजारात कोणत्याही किराणा दुकानात मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारा घ्यावा. हाताने फिरवून वीज भरण्याची दांडी असली तर उत्तम, पण ती दांडी पहिल्या आठवड्यातच मोडेल असे समजून चालावे. मुले असतात.

मोबाइलवर सरकारी इशारे येतात तेही बंद करून ठेवू नयेत. २०२३ साली देशभर चाचणीचे इशारे आले आणि सर्वांचे फोन एकाच वेळी किंचाळले, तेव्हा पुष्कळांनी वैतागून ती सोय बंद केली. ती पुन्हा चालू करावी.

आणि ज्यांना ऐकून भागत नाही, बोलायचेही आहे, त्यांच्यासाठी सरळ मार्ग आहे तो हौशी बिनतारीचा, म्हणजे हॅमचा. सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. बारा वर्षांचे मूलही बसू शकते. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीला भूकंप झाला तेव्हा असे परवानाधारक हौशी लोक आपापले संच घेऊन तेथे गेले आणि निरोप पोचवीत राहिले. २००४ च्या डिसेंबरात दिल्लीच्या भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह हौशी प्रक्षेपणासाठीच पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. २६ तारखेला सुनामी आली, आणि अंदमानचा बाहेरच्या जगाशी संबंध जोडण्यास त्यांचा तो संच उपयोगी पडला. त्यांनी कोणाचे चोरून ऐकले नाही. लोक त्यांच्याकडे येऊन आपल्या माणसाचे नाव सांगत आणि त्या ते नाव पलीकडे पोचवीत. आम्हांस वाटते, ९ ऑक्टोबरला आपल्याला हवे होते ते हे. कारखान्याच्या फाटकाशी एक जबाबदार माणूस, मंडळाच्या खोलीत दुसरा, आणि मधून जाणारे एकच वाक्य: अमुक घरचा मुलगा पाहिला, तो बरा आहे. हौशी परवानाधारकांना दिलेल्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणारा हातातला संच उंच जागा आणि बरी एरियल मिळाल्यास इतके अंतर काढू शकतो. मध्ये घरे आणि झाडे किती, यावर ते अवलंबून आहे. प्रत्यक्ष करून पाहिल्यावाचून आम्ही वचन देणार नाही.

त्या परीक्षेस चौघांपैकी दोघे बसणार आहेत, आणि तिसरी एक मुलगी, जी ओसरीवर आलीच नव्हती. आतल्या खोलीतून ऐकत होती. तिला ओमचा नियम त्या चौघांपेक्षा अधिक चांगला येतो. परवाना हाती पडेपर्यंत बोलण्याचा संच विकत घ्यायचा नाही, असे पथकाने कबूल केले आहे; खजिनदारांनी ते लिहून घेतले आहे. शिकागोच्या गृहस्थांना त्यांनी त्या देखण्या संचाऐवजी परीक्षेच्या अभ्यासाची दोन पुस्तके आणावयास सांगितले. त्यांनी कळविले की पुस्तके वजनाला अधिक भरतात. तरी आणणार आहेत.

आमचे बोलणे संपले. मागच्या टेबलावर आम्ही तीन वस्तू मांडल्या आहेत: आमचा १९७० च्या सुमाराचा ट्रान्झिस्टर, जो अजून चालतो, हाताने वीज भरण्याचा एक नवा रेडिओ, आणि त्या गल्लीच्या मधोमध होणाऱ्या शब्दांच्या लगद्याचे प्रात्यक्षिक करण्यासाठी दोन लहान ध्वनिक्षेपक. चहा होईपर्यंत ज्यांना पाहायचे असेल त्यांनी यावे. ट्रान्झिस्टरची एरियल कृपा करून ओढू नये. ती एकदा सुटली आहे.